गावठाणात मधपेट्या आणि शेळ्या ठेवायच्या का नाही?

रानवाट: मंडळी, आमचं गाव वाईच्या वरच्या अंगाला. घरामागं सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या, चार शेळ्या, एक बोकड. शेजारच्या प्लॉटवर पुण्याच्या एकांनी बंगला बांधला आणि आता ग्रामपंचायतीत अर्ज टाकलाय की रहिवासी भागात जनावरं अन् माश्या नकोत. अरे तिकडं महाबळेश्वर तालुक्यात मांघरला 2022 मध्ये मधाचं गाव केलं, खादी मंडळ निम्म्या अनुदानावर पेट्या देतंय, आणि मी दोन ठेवल्या तर गुन्हा?

वीकेंडवाला: गुन्हा नाही हो, पण माझंही असंच घर आहे म्हणून सांगतो, उन्हाळ्यात शेजारच्यांच्या माश्या आमच्या मोरीच्या नळावर, ओली चादर वाळत घातली की तिच्यावर, आईला चावली तर हात कोपरापर्यंत सुजला. घरपट्टी आम्हीपण भरतो.

तात्या_सातारकर: घरपट्टी भरली म्हणजे गाव विकत घेतलं काय? प्लॉट बघायला आलात तेव्हा शेळ्या सुट्टीवर गेलेल्या का?

कोर्टकचेरी: तात्या, 'आम्ही आधीपासून आहे' एवढ्यावर भागत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम 270 ला सार्वजनिक उपद्रव आहे, अन् नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकारी तो हटवायला लावू शकतो. पण त्रास सार्वजनिक पाहिजे, एकट्या बंगल्याला वास येतो एवढं पुरत नाही. शेळी त्यांच्या बागेत घुसली तर मात्र कोंडवाडा, तो कायदा 1871 पासून आहे.

वीकेंडवाला: म्हणजे अख्खी आळी सुजेपर्यंत थांबायचं?

मोहोळ: रानवाट, पेटीपाशी पाणी ठेवलंय का? परातीत खडे टाकून ठेव, ऊन तापायच्या आधीच, एकदा नळाची सवय लागली की माशी सोडत नाही. पेटीचं तोंड कुणाकडं आहे? शेजाऱ्याकडं असेल तर मध्ये पुरुषभर उंच शेडनेट लाव, माशी वर चढून जाते. आणि घाईघाईत पेटी उचलून वीस फूट सरकवू नको, माश्या जुन्या जागीच घिरट्या घालतात, मग खरंच चावतील.

रानवाट: तोंड त्यांच्याच खिडकीकडं आहे राव 😅 पाणी पण नाही ठेवलं. बरं, शेडनेट लावतो उद्या. शेळ्यांचं मात्र ऐकणार नाही.

वीकेंडवाला: आणि बोकडाचा वास?

रानवाट: तो आखाडापर्यंतच आहे. शेजाऱ्यांनापण बोलवीन.