३ सर्व्हर आणि मी एकटा: ओपनस्टॅक झेपेल का?

प्रश्न: वीसेक व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेले संगणक) आहेत. भाड्याच्या क्लाउडचं बिल बघून साहेब म्हणाले, "आपलंच उभं कर." ओपनस्टॅक, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर क्लाउड उभारायचं सॉफ्टवेअर, डोक्यात आहे. सांभाळणारा मी एकटाच.

उत्तर १: एकट्यानं? नको हो. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेसनं मांडलेला पसारा आहे तो. प्रत्येक कामाला वेगळा भाग: लॉगिनला कीस्टोन, मशीनला नोव्हा, नेटवर्कला न्यूट्रॉन... एक रुसलं की सगळ्यांच्या नोंदी (लॉग) चाळत बसा. त्यापेक्षा त्याच कामाचं क्लाउडस्टॅक बघा. एक मॅनेजमेंट सर्व्हर, मागे मायएसक्यूएल डेटाबेस. (त्याचा बॅकअप मात्र विसरू नका.)

उत्तर २: आधी डिस्कचा हिशेब करा. सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणारं स्टोरेज) लावलंत तर डेटाच्या सहसा ३ प्रती ठेवतात. १२ टीबीतले हाती ४, तेही काठोकाठ भरायचे नाहीत.

प्रश्नकर्ता: अरे देवा, साहेबांना १२ सांगून बसलोय!