शेंडी बदक बुडी मारतं, फोटो हुकतो

प्रश्न: नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जानेवारीत जायचंय. ४०० मिमी लेन्स आहे. शेंडी बदक ओळखायचं कसं, आणि बुडी मारून वर येताना टिपायचं कसं? (उत्तरं दोघांची, टोपणनावांनी.)

पाणथळ: नर सोपा: काळा अंगरखा, बाजू पांढऱ्याशुभ्र, डोळा पिवळा, डोक्यामागे लोंबती शेंडी. घोळ मादीत होतो. काही माद्यांच्या शेपटीखाली पांढरं असतं, म्हणून त्यांना फेरुजिनस (तांबूस रंगाचं दुसरं बुडी मारणारं बदक) समजतात. डोळा बघा, फेरुजिनस मादीचा तपकिरी असतो, शेंडी मादीचा पिवळा.

काठावरचा: बुडी साधारण १५-२० सेकंदांची, आणि पक्षी बुडाला तिथेच वर येईल असं नाही. म्हणून एकाच पक्ष्यावर अडकू नका, थव्याच्या कडेला फोकस धरून थांबा. वर येताच पाठीवरून पाण्याचे मणी ओघळतात, तोच क्षण. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. पांढरी बाजू जळते (तपशील उडतो), एक्स्पोजर (फोटोतला उजेड) ०.७ स्टॉप कमी ठेवा. सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, ऊन पाठीशी राहतं.

पाणथळ: एक राहिलं. या बदकांचे पाय मागे असतात, त्यामुळे पाण्यावर धावल्याशिवाय उडता येत नाही. माना ताठ झाल्या, थवा आकसून आत सरकू लागला, की तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबा. उडवून काढलेला फोटो नको. थंडीत प्रत्येक उड्डाण त्यांना महाग पडतं.

प्रश्नकर्ता: ट्रायपॉड की बीनबॅग (कॅमेरा टेकवायची दाण्यांची पिशवी)?

काठावरचा: बीनबॅग. कॅमेरा पाण्यालगत येतो.