रेंज नसताना ओबी व्हॅन लाईव्ह कशी जाते?

चिपळूणचा बाब्या:
परवा वाशिष्ठीचं पाणी वाढलं तेव्हा एका चॅनेलची ओबी व्हॅन (जागेवरून लाईव्ह दाखवणारी गाडी) आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. लाईट नाही, मोबाईलला एक दांडी पण रेंज नाही, तरी यांचं लाईव्ह चालू, मुंबईच्या मावशीने नंतर सांगितलं की मी मागे छत्री घेऊन उभा दिसलो 😄 हे कसं काय? आणि अँकरने प्रश्न विचारला की रिपोर्टर नुसता मान हलवत का उभा राहतो? मग जोराची सर आली तर आतले लोक लिंक गेली लिंक गेली म्हणून ओरडायला लागले.

जुना व्हॅनवाला:
बाब्या, व्हॅनला मोबाईल टॉवर लागतच नाही रे. टपावरची डिश सरळ सॅटेलाईटला बघते, विषुववृत्तावर साधारण 36 हजार किमी उंचावर, आपल्याकडून दक्षिणेच्या बाजूला. आधी गाडी जॅकवर स्थिर करायची, जनरेटर चालू, डिश फिरवून सिग्नल सगळ्यात जास्त कुठे येतो ते बघायचं, मग सॅटेलाईटवाल्यांच्या कंट्रोल रूमला फोन, ते हो म्हणाले की मगच कॅरिअर, म्हणजे आपला सिग्नल, वर चढवायचा नाहीतर दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये घुसाल. कॅमेऱ्याचं चित्र एन्कोडर दाबून लहान करतो आणि 14 गिगाहर्ट्झच्या आसपास वर जातं, तिकडून खाली स्टुडिओत. फोनला रेंज नसेल तर सॅटेलाईट फोन. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, बाकीचा उशीर दाबण्या-उलगडण्यात जातो, म्हणून तो मान हलवत उभा. त्याच्या कानात स्टुडिओचा आवाज सोडतात पण त्यातून त्याचा स्वतःचा आवाज काढून टाकलेला असतो, चुकून राहिला तर स्वतःचंच बोलणं उशिरा ऐकून भलेभले अडखळतात, आम्ही खूप हसलोय.

मालवणी खाजा:
सर इली की आमच्या घरची डिश पण बंद पडता, तां पण ह्याच काय?

जुना व्हॅनवाला:
तेच. दोन्ही केयू बँड, म्हणजे सॅटेलाईटच्या फ्रिक्वेन्सीचा एकच पट्टा. पावसाचे थेंब हा सिग्नल खातात. त्याहून कमी फ्रिक्वेन्सीच्या सी बँडला पाऊस कमी बाधतो पण त्याला डिश मोठी लागते, टपावर कुठे मावणार. आम्ही पॉवर वाढवून बघायचो, कोकणातल्या जुलैपुढे तेही कमी पडायचं.

श्रीवर्धनकर:
हल्ली बऱ्याच वेळा व्हॅन येतच नाही, पोरगा पाठीवर बॅग घेऊन येतो, आत चार-सहा सिमकार्डं, सगळ्यांवर थोडं थोडं चित्र पाठवून तिकडे जोडतात. स्वस्त आणि सुटसुटीत. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे टॉवरच बंद पडले, तिथे बॅग काय करणार. मोठी व्हॅन मोडीत काढू नका म्हणतो मी ते यासाठी.

चिपळूणचा बाब्या:
धन्यवाद दादा! मग मी डिशवर छत्री धरली असती तर लिंक राहिली असती का? 🤔

जुना व्हॅनवाला:
नाही रे बाबा, पाऊस डिशपासून थेट ढगापर्यंत असतो, छत्री किती उंच धरशील? आणि चालू डिशच्या तोंडासमोर उभं राहायचं नसतं, ऑपरेटरने कॉलर धरून मागे ओढला असता.