प्रति: वडिलांच्या खुब्यासाठी सिरॅमिक घ्यावं का?

वडील बहात्तरचे आहेत, खुब्याचा सांधा बदलायचाय म्हणताय आणि वर बऱ्याच जणांनी सगळ्यात महागडं आणि नवीन तेच घ्या असं सांगितलंय, तर जरा थांबा. डेप्यू कंपनीचा एएसआर हा कृत्रिम खुबा आठवतोय का, मेटल ऑन मेटल, म्हणजे धातूच्या वाटीत धातूचाच बॉल, तोही मोठा, निखळणार नाही म्हणून खपवला आणि धातू झिजून त्याचे कण आजूबाजूच्या टिश्यूत उतरायला लागले, शेवटी ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला. नवीन होता हो तोही!

या वयात मला तरी बॉल कशाचा यापेक्षा मांडीच्या हाडात जाणारा दांडा सिमेंट लावून बसवणार की नुसता ठोकून, हे जास्त महत्त्वाचं वाटतं. हाड ठिसूळ असेल तर बिनसिमेंटचा दांडा ठोकताना किंवा नंतर लवकरच हाडाला तडा जायचा धोका जास्त, परदेशात सांधेबदलाच्या ऑपरेशनांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्र्यांमध्ये हे वर्षानुवर्षं दिसतंय. बॉल सिरॅमिक आणि वाटी क्रॉसलिंक्ड पॉलीची (कमी झिजणारं प्लास्टिक), हे कॉम्बिनेशन उत्तम चालतं. सिरॅमिकवर सिरॅमिक कधीकधी चालताना चक्क कुरकुरतं.

ऑपरेशन पुढून की मागून याचा फार बाऊ नको, सर्जनचा हात ज्यात बसलाय ते करू द्या, मागून केलं तर कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) नीट शिवतात का तेवढं विचारा. मणक्याचं फ्यूजन (मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन) झालं असेल तर आधीच सांगा, सांधा निखळायची भीती वाढते, मग ड्युअल मोबिलिटी कप (दुहेरी फिरणारी, सहज न निखळणारी वाटी) घालायचा का ते सर्जन ठरवतील.

आणि डिस्चार्जच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचे) स्टिकर लावून घ्याच, एएसआरच्या वेळी आपल्याकडे बऱ्याच पेशंटचा पत्ताच लागला नव्हता.