बाखचं सेंट जॉन पॅशन जुन्या थिएटरात, तेही नाचासकट. कोणी केलंय का?

दुसरी_रांग_आल्टो

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी जर्मनीत असते, इथल्या एका हौशी कॉयरमध्ये (समूहगायनाच्या गटात) सहा वर्षं आल्टो (बायकांचा खालच्या पट्टीतला आवाज) गातेय. गुड फ्रायडेच्या आसपास आम्ही दरवर्षी चर्चमध्ये काहीतरी मोठं करतो, काळे कपडे, हातात नोटेशनची फाइल, उभं राहायचं आणि गायचं, बस. यंदा मात्र जर्मन संगीतकार बाखचं सेंट जॉन पॅशन (येशूच्या अटकेपासून दफनापर्यंतची बायबलमधली गोष्ट, गाण्यांतून) अठराव्या शतकातल्या एका लाकडी थिएटरात करायचं ठरलंय, सोबत आठ डान्सर, आणि आम्हीही त्यांच्यात मिसळून चालायचं, बसायचं, वळायचं. म्हणजे सगळं पाठ पाहिजे!

कॉयरमध्ये दोन तट पडलेत. जुनी मंडळी म्हणतात ही प्रार्थना आहे, हिला स्टेजवर नाचवू नका, एका काकूंनी तर येणंच थांबवलं आणि त्यांची जागा रिकामी बघून मला खरंच वाईट वाटतं. पण परवा तालमीत 'क्रॉइझिगे' ही जमावाची ओरड गाताना आम्ही पहिल्यांदा एकत्र चार पावलं पुढे आलो, येशू गाणारा माणूस समोर एकटा उभा, आणि माझ्या घशात आवाजच अडकला. इतकी वर्षं ते "सुळावर चढवा" मी फाइलकडे बघून गात होते, त्या दिवशी एका माणसाकडे बघून गायले. तर हे योग्य आहे का, आणि जमवायचं कसं, दोन्ही सांगा.

जुनी_पानं

ताई, तुमच्या काकूंची हरकत बाखच्या काळाइतकीच जुनी आहे. १७२३ मध्ये लाइपझिगची नोकरी घेताना त्याने लिहून दिलं होतं की चर्चमधलं संगीत ऑपेरासारखं वाटणार नाही, ऐकणाऱ्याला भक्तीकडे नेईल असंच असेल. आणि पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल १७२४ ला, निकोलाय चर्चमध्ये हे पॅशन झालं, ज्यात जमाव ओरडतो, शिपाई अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात, आता याला नाटक नाही तर काय म्हणायचं! लंडनमध्ये १७३२ ला संगीतकार हँडेलच्या 'एस्थर' या बायबलच्या कथेवरच्या रचनेचा प्रश्न आला तेव्हा तिथल्या बिशपने चॅपल रॉयलच्या (राजाच्या प्रार्थनागृहाच्या) गायक मुलांना थिएटरात अभिनय करायला मनाई केली, मग हँडेलने ते अभिनयाशिवाय, नुसतं गाऊन सादर केलं.

पण याची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. रोममध्ये १६०० साली काव्हालिएरी या संगीतकाराचं आत्मा आणि शरीर यांच्या संवादाचं नाटक झालं, एका धार्मिक संघाच्या प्रार्थनागृहात, आणि त्याचा शेवट नाचाने करायची सोय छापील प्रतीतच दिलेली आहे. वादक पडद्यामागे बसवा, हजारापेक्षा जास्त प्रेक्षक मावतील असा हॉल नको, अशाही सूचना आहेत. तेव्हा नाच आला की भक्ती गेली, हे मला पटत नाही. तुमच्याच पॅशनमधला शेवटचा मोठा कोरस 'रूट वोल' ("शांत विसावा घे") बघा ना, तीन मात्रांचा, जड पायाने डोलणारा. थडग्याशी गायचं गाणं त्याने नाचाच्या चालीत बांधलंय.

पडद्यामागची

मी अशाच एका प्रयोगात कोरसमध्ये होते (काम वेगळं, थिएटर मात्र तसंच जुनं लाकडी), तर अनुभवाचं सांगते.

पहिली गोष्ट उतार. जुन्या थिएटरांत स्टेज मागून पुढे उतरतं असतं, दिसायला कळतही नाही पण दोन तास उभं राहिलं की पोटऱ्या भरून येतात आणि पुढे तोल जाऊ नये म्हणून आपण नकळत गुडघे ताठ करतो, की श्वास लगेच छातीत वर चढतो. गुडघे सैल ठेवा, तालमीत त्याच शूजमध्ये गा. दुसरी गोष्ट आवाज. चर्चमध्ये सूर सोडला तरी भिंती तो थोडा वेळ धरून ठेवतात, लाकडी थिएटरात ओठ मिटले की सूर संपला. शब्दाच्या शेवटचा 'त' चार जणांनी चार वेळा म्हटला तर तो गारा पडल्यासारखा ऐकू येतो. कोराल (साधी, संथ स्तोत्रं) तिथे उघडे पडतात, त्यांना जास्त वेळ द्या.

पाठ करताना सुरांच्या आधी नुसते शब्द लयीत बोला, चालता चालता. 'लासेट उन्स डेन निष्ट त्सेरटाइलेन' हा चिठ्ठ्यांचा कोरस सगळ्यात घात करतो, प्रत्येक आवाज वेगळ्या वेळी शिरतो आणि डान्सर मध्ये आला की शेजारणीचा आवाजच गायब. आम्ही अशा जागी तीन-तीन जणींचे गट केले होते, एकीचा हात दुसरीच्या पाठीला टेकेल इतक्या जवळ, श्वास कळायचा त्यावरून एंट्री घ्यायचो. कंडक्टर दिसत नसेल तर बाजूला स्क्रीन मागाच, भिडेखातर गप्प बसू नका.

आणि थिएटर संरक्षित असेल तर फरशीत एक खिळासुद्धा ठोकू देत नाहीत, ज्योत नाही, धूर नाही, ते नियम आधीच विचारून घ्या.

गांबा_प्रेमी

मी थोडा विरोधात बोलणार आहे. नाचाला माझी ना नाही, नॉयमायर या कोरिओग्राफरने हॅम्बुर्गमध्ये १९८१ ला बाखचं अख्खं सेंट मॅथ्यू पॅशन बॅलेमध्ये केलं, येशू तो स्वतः नाचला, त्याआधी १९८० मध्ये त्यातले काही भाग चर्चमध्येच दाखवले होते. मार्च २०२४ मध्ये कोरिओग्राफर साशा वाल्ट्झने साल्झबुर्गला सेंट जॉन केलं, त्यात डान्सर आपले कपडे शिलाई मशीनवर स्वतः शिवतात. हे लोक गोष्ट हातवाऱ्यांनी परत सांगत बसत नाहीत. ती सांगायला इव्हँजेलिस्ट (गोष्ट गाऊन सांगणारा गायक) आहे की! मी पाहिलेल्या एका प्रयोगात तो "बांधलं" म्हणाला की डान्सर दोरी बांधायचे, "मारलं" म्हणाला की मारायचे, अर्ध्या तासात मी डोळे मिटून घेतले.

सगळ्यात वाईट म्हणजे 'एस इस्ट फोलब्राख्ट' ("सारं पूर्ण झालं") ही आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं. आल्टो आणि एक व्हायोला दा गांबा (चेलोसारखं जुनं तंतुवाद्य), बास. मध्येच ती वीराच्या विजयाची झेप येते आणि पुन्हा तोच खाली उतरणारा सूर, आणि त्याच्या लगेच नंतर येशू मान टाकतो. तिथे सहा जण लाकडावर अनवाणी धावत होते, धप धप धप, गांबा ऐकूच आली नाही. हात जोडून सांगतो, तिथे डान्सरना थांबवा.

अजून एक, कपड्यांकडे लक्ष ठेवा. या पॅशनमध्ये जमावाला वारंवार "यहुदी" म्हटलंय. चर्चमध्ये फाइल धरून गाताना ते शब्द असतात, स्टेजवर ती माणसं दिसायला लागतात, आणि जर्मनीत याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. जमावाला वेगळा वेष देऊ नका. जे ओरडतात तेच पुढच्या कोरालमध्ये पश्चात्ताप करतात, त्याच कपड्यांत, त्याच चेहऱ्यांनी.

दुसरी_रांग_आल्टो

सगळ्यांचे मनापासून आभार. कपड्यांचं मी आजच डिरेक्टरना बोलले, जमावासाठी वेगळे कोट ठरले होते ते रद्द झाले, आता सगळे घरच्या साध्या कपड्यांत. गांबाचं कोरिओग्राफरनेही लगेच ऐकलं, त्या आरियात आठही जण जमिनीवर बसून राहणार. 'रूट वोल'मध्ये मात्र ते नाचतील आणि आम्ही जागेवरच वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणार, मग शेवटच्या कोरालला सगळे स्तब्ध. काकूंना मी फोन केला होता, त्या म्हणाल्या एक तालीम मागच्या खुर्चीत बसून बघते. गुरुवारी येतायत.

पडद्यामागची, ते पाठीला हात टेकवायचं आम्ही करून बघितलं, चिठ्ठ्यांचा कोरस पहिल्यांदाच न अडखळता शेवटपर्यंत गेला!