ड्युरांट आणि २०१६ चा उन्हाळा

२०१६ मध्ये एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला स्टार केविन ड्युरांट ओक्लाहोमा संघ सोडून गोल्डन स्टेट संघात गेला. त्याला गोल्डन स्टेटने 'पैशाच्या जोरावर उचलला', असं म्हणतात, ते काही पटलं नाही. ओक्लाहोमा त्याला तेवढाच, किंबहुना लांब मुदतीत जास्तच पगार देऊ शकत होती. खरा प्रश्न असा, की त्याला एवढा पगार द्यायला गोल्डन स्टेटकडे पगाराच्या मर्यादेत जागा आली कुठून?

नव्या टीव्ही करारामुळे त्या वर्षी सॅलरी कॅप, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा, ७ कोटी डॉलरवरून एकदम ९.४ कोटींवर गेली. वाढ टप्प्याटप्प्याने करू असं लीग म्हणत होती, खेळाडूंच्या संघटनेने ते धुडकावलं. त्यात गोल्डन स्टेटच्याच स्टीफन करीचा २०१२ चा करार घोट्याच्या दुखापतींमुळे स्वस्तात झालेला, ४ वर्षांचे ४.४ कोटी. सलग दोनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झालेला माणूस १.२ कोटींत खेळतोय म्हटल्यावर आणखी काय हवं! तरीही जागा करायला आपल्याच बोगटला डॅलस संघाकडे धाडावं लागलं आणि बार्न्स या खेळाडूवर पाणी सोडावं लागलं, ते वेगळंच.

बाकी त्या उन्हाळ्यात पैसा नुसता उतू जात होता. क्लीव्हलंड संघाने त्या वर्षीच्या फायनल्समध्ये (अंतिम मालिकेत) ज्याला फारसं कोर्टवर उतरवलंच नाही, त्या मोझगोवला लेकर्स संघाने ४ वर्षांचे ६.४ कोटी दिले. वर्षभरात ती धोंड गळ्यातून काढायला मोझगोवबरोबर डी'अँजेलो रसेलसारखा तरणा पोरगाही ब्रुकलिन संघाला द्यावा लागला.