मदत हवी आहे: विषाणूमुळे बिघडलेल्या तंतुकणिका गोळ्यांनी सुधारतात का?

सांजवात
नमस्कार. माझ्या दादाला विषाणूचा ताप येऊन गेला आणि त्यानंतर त्याचे डोके पहिल्यासारखे चालत नाही. सांगितलेले विसरतो, दुपारभर झोपतो, क्षुल्लक कारणावरून वहिनीवर ओरडतो. नात्यातल्या एका गृहस्थांच्या मते विषाणूने चेतापेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया, निकामी केल्या असून कोएन्झाइम क्यू टेनच्या गोळ्या आणि सोबतची एक पावडर तीन महिने घेतली की त्या पूर्ववत होतील. ती पावडर ते स्वतःच विकतात, हे मला कळते. पण शनिवारपर्यंत पैसे भरायचे आहेत. विषाणूने तंतुकणिका खरोखर बिघडतात का आणि गोळ्यांनी सुधारतात का, एवढेच सांगावे. ‘डॉक्टरांना विचारा’ असे कृपया लिहू नये, कारण पुढची तारीख महिनाभराने आहे.

पाणंद
साहेब, कोणता विषाणू, केव्हा झाला, दादांचे वय काय, यांतले काहीच आपण लिहिलेले नाही. करोना असावा असे धरून लिहितो. ब्रिटनमध्ये ७८५ जणांच्या मेंदूचे स्कॅन दोनदा काढले होते आणि त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात करोना होऊन गेला होता. त्यांच्या मेंदूत, विशेषतः गंधाशी निगडित भागांत, थोडी अधिक झीज आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मला स्वतःला आठ महिने शब्द आठवत नसत. क्यू टेन घेतले, रोज पहाटे पाच किलोमीटर चाललो आणि बरा झालो. दादांना चालायला लावा.

गवतफुला
असा सरसकट सल्ला देणे धोक्याचे आहे. करोनानंतर दीर्घकाळ थकवा राहिलेल्या २५ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात, दमवणाऱ्या व्यायामानंतर त्यांच्या स्नायूंमधल्या तंतुकणिकांचे काम आणखी मंदावलेले दिसले होते. आपण आठ महिन्यांनी बरे झालात ते चालण्यामुळे की आठ महिने गेल्यामुळे, हे आपण कसे ठरवले?

पाणंद
तो अभ्यास मांडीच्या स्नायूचा आहे. येथे प्रश्न मेंदूचा आहे.

उंबरठा
दोघांनीही करोना गृहीत धरला आहे. मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘होय’ असे आहे, पण कसे बिघडते ते विषाणूगणिक बदलते. पेशीत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, सापडला की धोक्याची घंटा वाजवणारे एक प्रथिन तंतुकणिकेच्या बाहेरच्या आवरणावरच बसलेले असते. २००५ मध्ये ते ओळखले गेले आणि त्याला मॅव्हस असे नाव मिळाले. हिपॅटायटिस सीचा विषाणू हे प्रथिन चक्क कापून टाकतो. डेंग्यूचा विषाणू तंतुकणिकांना लांबट करतो, तर झिकाच्या संसर्गात त्यांचे तुकडे पडलेले दिसतात. चेतापेशीला हे विशेष महाग पडते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतही ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. शिवाय चेतापेशीचा एखादा तंतू मीटरभर लांब असू शकतो आणि तेथवर तंतुकणिका वाहून न्याव्या लागतात. ही वाहतूक थांबली की पेशी जिवंत असूनही तिचे टोक उपाशी राहते. म्हणून विषाणूचे नाव हवे.

मोरपीस७
लहान मुलांना फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नये. त्यातून उद्भवणाऱ्या राय सिंड्रोममध्ये यकृतातल्या तंतुकणिका बिघडतात आणि मेंदूला सूज येते. हा आजार १९६३ पासून ज्ञात आहे; ॲस्पिरिनशी त्याचा संबंध १९८० च्या सुमारास लक्षात आला.

सांजवात
माहिती चांगली आहे, पण दादा ४१ वर्षांचा आहे. आणि मी साहेब नाही, ताई आहे. करोना नव्हता. हर्पिसचा मेंदूज्वर झाला होता, पाठीतले पाणी काढून निदान केले आणि एकवीस दिवस शिरेतून ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध दिले. झटके आल्यामुळे लेव्हेटिरासिटॅम सुरू आहे. फाइलमध्ये सगळे आहे, म्हणून लिहिले नव्हते.

उंबरठा
ताई, आपली फाइल आम्हाला येथून दिसत नाही! हर्पिसचा विषाणू तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनए नष्ट करतो, आणि त्याची लागण झालेल्या चेतापेशीत कॅल्शियम वाढून वर लिहिलेली वाहतूक अडते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. परंतु हा आजार कानशिलामागच्या ज्या भागावर घाला घालतो, तो स्मृतीचाच भाग आहे आणि तेथे मेलेल्या पेशी क्यू टेनने परत येत नाहीत. त्या औषधाचा खात्रीचा उपयोग आहे तो जन्मतःच ते द्रव्य कमी असणाऱ्या दुर्मीळ रुग्णांना. चिडचिड आणि झोप लेव्हेटिरासिटॅममुळेही येते. मात्र ती गोळी मनाने बंद करू नका, झटके उसळतील. आता एकच सांगा: घरी आल्यापासून दादा असाच आहे, की आधी सुधारून पुन्हा बिघडला?

पाणंद
मला क्यू टेनचा गुण आला, एवढेच मी म्हणत होतो.

गवतफुला
आपल्याला हर्पिसचा मेंदूज्वर झाला नव्हता.

सांजवात
पहिला महिना तो छान होता, पेपर वाचायचा, दुकानाचा हिशेबही पाहायचा. हे सारे गेल्या बारा दिवसांतले आहे. रात्री झोपत नाही, घरात कोणी शिरले आहे म्हणतो, आणि तोंड सारखे चावल्यासारखे हलवतो. आम्हाला वाटले, अशक्तपणा असेल.

उंबरठा
मग ‘डॉक्टरांना विचारा’ हेच लिहावे लागेल, आणि तेही आजच. हर्पिसच्या मेंदूज्वरातून सुधारलेल्या काही रुग्णांत पुढच्या आठवड्यांत शरीराची प्रतिकारशक्ती चेतापेशींवरच उलटते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात ५१ पैकी १४ जणांना असे झाले होते. बहुतेकदा एनएमडीए ग्राहकांविरुद्धची, म्हणजे चेतापेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनांविरुद्धची, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) सापडतात. भास, निद्रानाश, तोंडाच्या अशा हालचाली ही त्याची लक्षणे असू शकतात. त्यावर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू झालेले बरे. मूळ विषाणू पुन्हा उसळलेला नाही, हेही पाहावे लागते. तारखेची वाट न पाहता मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि पाठीतल्या पाण्यात ही प्रतिपिंडे तपासायची का, असे स्पष्ट विचारा.

सांजवात
वहिनीशी बोलले, गाडी सांगितली आहे. सोबत काय न्यावे?

उंबरठा
डिस्चार्ज कार्ड, एमआरआयच्या फिल्म, पाठीतल्या पाण्याचा जुना अहवाल आणि गोळ्यांची पाकिटे. तोंडाच्या हालचालींचा फोनवर व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांसमोर त्या नेमक्या थांबतात.